राजधान्यांच्या पत्त्यांचा डबा: मोठे देश पास, बेटांना एटीकेटी

निकाल आधीच सांगून टाकतो. डबा घेण्यासारखा आहे. साडेतीनशे रुपयांत जगातल्या सगळ्या देशांच्या राजधान्या मराठीत, पुसता येणाऱ्या कार्डांवर, आणि वर पाच कप्प्यांची पेटी. महाग नाही म्हणायचं. पण घरात कुणी समुद्रातल्या चिमुकल्या बेट-देशांच्या राजधान्या पाठ करायला बसणार असेल, तर कार्डावर छापलंय तेवढ्यावर भागणार नाही. तिथे पदरची भर घालावी लागते. मी मुख्यतः त्या भरीबद्दलच लिहिणार आहे, कारण फ्रान्सची पॅरिस आणि जपानची टोकियो करायला डबा कशाला लागतो?

मी रावेर तालुक्यातला केळीवाला. शाळेत भूगोल आवडायचा, पुढे मृगबाग आणि कांदेबाग या केळी लावायच्या दोन हंगामांच्या धबडग्यात तो मागे पडला. नात आठवीत आहे, सामान्यज्ञानाच्या स्पर्धांना बसते. तिच्यासाठी जळगावच्या एका स्टेशनरीवाल्याकडून हा डबा आणला आणि आता कार्डं तिच्यापेक्षा माझ्याच हातात जास्त दिसतात. बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. जे दुखणं सांगणार आहे ते अशा धर्तीच्या कुठल्याही डब्यात निघू शकतं.

वस्तू म्हणून काम चांगलं आहे. एका देशाला एक कार्ड, पंजात मावेल एवढं, जाड, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर. आमच्यासारख्याला हा थर फार महत्त्वाचा. केळीचा चीक कागदाला किंवा सदऱ्याला लागला की तो डाग कपडा फाटला तरी जात नाही. या कार्डांवरचा चीक ओला असतानाच पुसला तर निघतो. पुढच्या बाजूला देशाचं नाव, झेंडा आणि देशाची आकृती. मागे राजधानी, चलन, भाषा आणि ‘विशेष’ म्हणून एक ओळ. पेटीचं झाकण मात्र साध्या पुठ्ठ्याचं आहे, दुमडतं तिथे ते फाटलं आणि मी खाकी चिकटपट्टी मारली.

खरी किंमत त्या पाच कप्प्यांची आहे. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन माणसाने १९७२ मध्ये लोकांपुढे आणली. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा एक दिवस सोडून, तिसरा त्याहून उशिरा, आणि पाचव्याला महिन्यातून एकदा हात लावला तरी चालतो. म्हणजे जे येतं त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते रोज समोर उभं राहतं. डब्यातल्या माहितीपत्रकात हे इतक्या अवघड मराठीत लिहिलंय की नातीने ते वाचून बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, “आबा, तुम्हीच सांगा.”

आमच्याकडे शेतीची वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रपाळी असली की ठिबकच्या फिल्टरजवळ खाटेवर बसून राहावं लागतं, कधी लाइट जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. त्या वेळात पहिला आणि दुसरा कप्पा सहज होतो. युरोप आणि आशिया भराभर पाचव्या कप्प्यात गेले. आफ्रिकेने थोडा त्रास दिला. आणि पहिल्या कप्प्यात जो गाळ उरला त्यात जवळजवळ सगळी बेटं होती.

असं का झालं, ते कार्डं समोर मांडल्यावर कळलं. पहिली गोष्ट आकृतीची. प्रत्येक देश कार्डाच्या चौकटीत बसेल असा मोठा किंवा लहान केलाय. त्यामुळे नौरू आणि ऑस्ट्रेलिया एकाच मापाचे दिसतात. नौरूचं क्षेत्रफळ आहे २१ चौरस किलोमीटर. एकरात काढलं तर ५,२०० च्या आत. आमच्याकडे दोन-तीन मोठ्या गावांचं शिवार एकत्र केलं की एवढं भरतं. त्याला संयुक्त राष्ट्रांत खुर्ची आहे, स्वतःची संसद आहे. हे कळल्यावर माणूस त्या कार्डाकडे पुन्हा बघतो. पण कार्ड ते सांगत नाही. उलट किरिबाटीची जमीन सगळी मिळून ८११ चौरस किलोमीटर, आणि तिची बेटं पसरलीत साधारण ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रावर. आपल्या भारताहून मोठं पाणी! कार्डावर मात्र कीटकनाशक फवारल्यासारखे चार ठिपके.

दुसरी गोष्ट सोबतच्या घडीच्या नकाशाची. तो साधारण तीन फूट रुंद आहे, म्हणजे विषुववृत्तावर एका सेंटिमीटरात सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. नौरू आडवा-उभा पाचेक किलोमीटरचा, म्हणजे या नकाशावर मिलिमीटरचा दहावा भाग. छापलेल्या ठिपक्यात असे कितीतरी नौरू मावतील. त्याला छापणारा काय करणार, ते सोडून देऊ. पण नकाशा पॅसिफिकच्या मधोमध कापलाय, आणि त्यामुळे फिजी उजव्या टोकाला, सामोआ आणि टोंगा डाव्या टोकाला. शेजारी शेजारी असलेले देश पोराला जगाच्या दोन टोकांना दिसतात. यावर मी उपाय केला: तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या चौकोनी डब्याभोवती नकाशा गुंडाळला. कडा जवळपास जुळल्या, बोटभर फट राहिली. आता डबा फिरवला की या तिघांच्या राजधान्या सुवा, अपिया आणि नुकुआलोफा एका ओळखीच्या पट्ट्यात दिसतात. तारखेची रेषाही त्याच पट्ट्यातून वाकडीतिकडी जाते, आणि २०११ च्या डिसेंबरात सामोआने ती ओलांडून कॅलेंडरातला एक अख्खा दिवस गाळला, हे नातीला डब्यावर बोट ठेवून दाखवता येतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट, ती ‘विशेष’ची ओळ. बार्बाडोस: सुंदर समुद्रकिनारे. सेशेल्स: सुंदर समुद्रकिनारे. सेंट लुसिया: निसर्गरम्य बेट. अँटिग्वा: पर्यटकांचे आवडते ठिकाण. अरे भो, बेटाला किनारा असणारच! एवढीच ओळ असेल तर डोकं राजधानी कशाला धरून ठेवेल? त्यात कॅरिबियनमधली नावं एकमेकांची जुळी भावंडं. जमैकाची किंग्स्टन, सेंट व्हिन्सेंटची किंग्जटाउन. ग्रेनाडाची सेंट जॉर्जेस, अँटिग्वाची सेंट जॉन्स. त्यात ब्रिजटाउन आणि जॉर्जटाउन. नात चिडून कार्डं खाटेवर आपटायची.

मग मी माझ्या धंद्याकडून शिरलो. डॉमिनिका, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा ही विंडवर्ड बेटं, उत्तरेकडून दक्षिणेकडे याच क्रमाने. ही केळीची बेटं! १९५० च्या दशकापासून इथली केळी गीस्ट कंपनीच्या बोटींतून इंग्लंडला जायची, जशा आमच्या सावदा-रावेरहून वॅगनी दिल्लीला जातात. डोंगरउतारावर दोन-चार एकरांच्या बागा, घरची माणसं राबायची, आणि इंग्लंडमध्ये त्यांच्या मालाला राखीव जागा होती. १९९३ मध्ये युरोपने सगळ्यांचा मिळून एक बाजार केला, तरी जुन्या वसाहतींच्या केळीला सवलत ठेवली. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी आणि त्यांच्यासोबत अमेरिकेने तक्रार केली. अमेरिकेत स्वतःची केळी जवळपास नाहीतच, पण केळीचा व्यापार करणाऱ्या मोठ्या कंपन्या तिच्या. १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा निकाल युरोपच्या विरोधात गेला. भांडण पुढे चालत राहिलं, २००९ मध्ये जिनिव्हात तोड निघाली आणि २०१२ मध्ये कागदोपत्री संपलं. तोवर हजारो लहान बागायतदार केळीतून बाहेर पडले होते. एक्वाडोरच्या सपाट, अफाट मळ्यांशी उतारावरची बाग भावात कशी टिकणार?

हे मी रात्री फिल्टरजवळ नातीला सांगितलं, आणि ती चार नावं तिला पुन्हा कधी अडली नाहीत. प्रत्येकाला वेगळी खूण मात्र लागली. डॉमिनिकाची रोझो: २०१७ च्या सप्टेंबरात मारिया नावाचं वादळ या बेटावरून गेलं आणि झाडाला पान ठेवलं नाही. मे-जूनच्या वादळात कापणीला आलेली बाग आडवी पडलेली जिने पाहिलीय तिला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सेंट लुसियाची कॅस्ट्रीज: १९४८ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, आणि एवढ्याशा या गावात दोन नोबेल विजेते जन्मले, १९७९ चे अर्थशास्त्राचे आर्थर लुईस आणि १९९२ चे कवी डेरेक वॉलकॉट. सेंट व्हिन्सेंटची किंग्जटाउन: तिथे १७६५ ची वनस्पती-बाग आहे, पश्चिम गोलार्धातली सगळ्यात जुनी म्हणतात ती. कॅप्टन ब्लाय याने १७९३ मध्ये ताहितीहून नीरफणसाची रोपं जहाजात जगवून याच गावी उतरवली. एवढ्या लांबून, समुद्रावर, खाऱ्या वाऱ्यात. आम्ही टिश्यूकल्चरची रोपं टेम्पोतून आणतो आणि तरी काही मरतात! किंग्जटाउन म्हटलं की आता मला ती रोपं दिसतात, आणि किंग्स्टनशी गल्लत होत नाही. ग्रेनाडाची सेंट जॉर्जेस सगळ्यात सोपी: झेंड्यावरच जायफळ आहे. कार्डावर झेंडा छापलाय, जायफळही दिसतं, पण ते जायफळ आहे हे सांगायची बुद्धी ‘विशेष’वाल्याला झाली नाही.

उरलेलं काम क्रिकेटने केलं. बार्बाडोसची ब्रिजटाउन तर आता गल्लीतल्या पोरालाही येते, कारण २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटीचा विश्वचषक आपण तिथे जिंकला, आणि लगेच आलेल्या बेरिल वादळामुळे आपली टीम तिथेच अडकून पडली होती. हे तेच बेरिल, जे १ जुलैला ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं. एका गोष्टीत दोन कार्डं. त्रिनिदादची पोर्ट ऑफ स्पेन माझ्या पिढीला शिकवायला नको: १९७१ मध्ये गावसकर तिथेच पहिली कसोटी खेळले आणि वेस्ट इंडिजला आपण पहिल्यांदा हरवलं, १९७६ मध्ये त्याच मैदानावर चौथ्या डावात ४०६ काढून जिंकलो. त्या वेळी आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता. अँटिग्वाची सेंट जॉन्स म्हणजे व्हिव्ह रिचर्ड्सचं जन्मगाव. सेंट किट्सच्या बासतेरला मात्र अजून काही सापडलं नाही. पश्चिम गोलार्धातला सगळ्यात लहान देश, एवढं माहीत आहे, पण त्याने राजधानी आठवत नाही. ती पहिल्या कप्प्यात मुक्काम ठोकून बसलीय.

नौरूसाठी खताची गोणी कामी आली. या बेटावर फॉस्फेट होतं, गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून खणलं गेलं, आणि त्याचं सुपर फॉस्फेट होऊन ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या रानांत पडलं. १९६८ मध्ये नौरू स्वतंत्र झाला, काही वर्षं माणशी उत्पन्नात जगातल्या श्रीमंतांत गणला गेला, मग साठा सरत आला आणि मधला सगळा भाग खडबडीत उघडा दगड होऊन राहिला. दुसऱ्याच्या रानात खत घालता घालता स्वतःचं रान गेलं. कार्डावर राजधानी ‘यारेन’ छापलीय. खरं तर नौरूला अधिकृत राजधानीच नाही. यारेन हा जिल्हा, संसद आणि विमानतळ तिथे म्हणून त्याचं नाव घेतात. स्पर्धेत यारेनच लिहायचं, पण हे माहीत असलेलं बरं.

छापील चूक म्हणावी अशी एक आहे आणि ती मोठी आहे. पलाऊच्या कार्डावर राजधानी ‘कोरोर’ दिलीय. २००६ पासून ती न्गेरुलमुड आहे, मेलेकेओक राज्यात. कोरोर हे मोठं शहर, पण राजधानी नव्हे. नातीला शिक्षकांनी वर्गात हटकलं तेव्हा हे बाहेर आलं. मायक्रोनेशियाचं पालिकिर बरोबर आहे, तीही १९८९ मध्ये कोलोनियाहून हलवलेली. श्रीलंकेलाही श्री जयवर्धनेपुरा कोट्टे नीट छापलंय. म्हणजे कुणीतरी जाणकार माणूस बसला होता, पलाऊपर्यंत येता येता दमला असावा.

बाकीच्यांची एकेक ओळ मी स्वतः लिहिली. इथे एक अडचण: प्लास्टिकच्या थरावर बॉलपेन चालत नाही, शाईपेन तर नाहीच. सीडीवर लिहायचा बारीक टोकाचा मार्कर आणला, तो टिकतो. सॉलोमनच्या होनियारावर लिहिलं: युद्धात अमेरिकन तळ, मग तिथेच गाव, १९५२ ला तुलागीहून राजधानी आली. फिजीच्या सुवावर: आपले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, १८७९ ला आले तेव्हा राजधानी लेवुका, १८८२ ला सुवा. मॉरिशसच्या पोर्ट लुईवर: आप्रवासी घाट, जिथे असे मजूर उतरले, आणि मराठी माणसं. तुवालूच्या फुनाफुतीवर: १९४३ मध्ये अमेरिकनांनी बांधलेली धावपट्टी, विमान नसलं की पोरं तिथे खेळतात. ही ओळ नातीला सगळ्यात आवडली. मार्शल, वानुआतु, कोमोरोस, केप व्हर्दे यांना मी फारसा वेळ दिला नाही. माजुरो, पोर्ट व्हिला, मोरोनी आणि प्राया नुसत्या घोकूनही बसल्या.

आणखी एक बदल करा. डब्यात कार्डं खंडाप्रमाणे, मग नावाच्या वर्णानुक्रमाने लावली आहेत. बेटांपुरता तो क्रम मोडून समुद्राप्रमाणे गठ्ठे करा: कॅरिबियन, पॅसिफिक, हिंदी महासागर, अटलांटिक. मालदीव, सेशेल्स, मॉरिशस आणि कोमोरोस एकत्र आले की माले, व्हिक्टोरिया, पोर्ट लुई, मोरोनी ही एक ओळ होते. छापील क्रमात मालदीव आशियात आणि बाकीचे आफ्रिकेत विखुरलेत.

मोबाइलवरच्या ॲपशी तुलना लोक विचारतात म्हणून सांगतो. नातीच्या आईच्या फोनवर एक आहे. ते चार पर्याय देतं आणि एकावर बोट ठेवायला सांगतं. त्यात पोरगी पटापट जिंकते, फोन बाजूला ठेवून विचारलं की गप्प. पर्याय बघून ओळखणं वेगळं आणि कोऱ्या डोक्यातून काढणं वेगळं. कार्ड पर्याय देत नाही, हा त्याचा मोठा गुण. शिवाय फोन घेतला की पाचव्या मिनिटाला दुसरंच काहीतरी चालू असतं, हे मी नातीबद्दलच बोलतोय असं नाही. तिची आजी मात्र दोन्हींवर नाखूश. परवा म्हणाली, “एवढ्या राजधान्या पाठ करताय, बऱ्हाणपूरचा केळीचा आजचा भाव तरी बघितला का?”

पाचवीच्या खालच्या पोरांसाठी हा डबा घेऊ नका, अक्षर बारीक आहे आणि चलन-भाषेच्या रकान्यांनी ती गांगरतात. सातवी-आठवीपासून पुढे, आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी, ठीक. माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्यांनी चष्मा लावून बसावं. एकट्याने करण्यापेक्षा समोर विचारणारा असला तर कप्पे लवकर सरकतात. विचारणारा भांडखोर असला तर आणखी लवकर.

घ्यायला गेलात तर दुकानदाराला डबा उघडायला लावा आणि आधी पलाऊचं कार्ड काढा. मागे न्गेरुलमुड असेल तर नवी छपाई, पूर्ण पैसे द्या. कोरोर असेल तर जुना माल आहे, पन्नास रुपये कमी करून मागा आणि त्या पैशांत मार्कर घ्या.